न ऐकलेली

“हे तर काल केलं की आपण. आज परत कशाला?”

कुरकुर अगदी कानात झाली. काचेपलीकडे बसलेला रेकॉर्डिस्ट स्वतःशीच पुटपुटत होता, पण बोलायच्या बटणावर त्याचं कोपर टेकलेलं होतं, आणि ते पुटपुटणं चौघांच्या हेडफोनमध्ये जसंच्या तसं पोचलं.

छोटीची बोटं तारेवर थांबली. तिने आधी दादाकडे पाहिलं.

दादा पियानोवर वाकून कागद सरळ करत होता. हेडफोन नेहमीसारखा अर्धाच लावलेला, एक कान झाकलेला, एक उघडा. ‘एक कान यंत्राला, एक माणसांना,’ असं तो वर्षानुवर्षं म्हणत आला होता. झाकलेल्या कानाने ऐकलं की नाही ते त्याच्या चेहऱ्यावरून कळेना. त्याने कागदावरची सुरकुती अंगठ्याने दाबली, पुन्हा दाबली, आणि म्हणाला, “चला. पहिल्यापासून.”

ड्रमच्या मागून मास्तरांनी छोटीकडे पाहिलं. गळ्यात सॅक्सोफोन अडकवलेल्या शिंप्याने मास्तरांकडे पाहिलं. मग तिघांनीही आपापल्या वाद्याकडे पाहिलं. अळीमिळी गुपचिळी.

छोटी ही सत्तावन्न वर्षांची बाई होती. टपाल कचेरीच्या खिडकीत बत्तीस वर्षं काढलेली, गुडघ्यांनी बेजार झालेली, आणि स्वतःपेक्षा वीतभर उंच असा डबल बेस कवेत धरून उभी राहणारी. हे वाद्य तिने काही हौसेने निवडलं नव्हतं. दादाला त्याच्या जॅझसाठी खाली जाड सूर धरून ठेवणारं माणूस हवं होतं, कोणी मिळेना, तेव्हा त्याने बहिणीला उभी केली. ती अजून उभीच होती. मास्तर शाळेत गणित शिकवायचे आणि तिथे पोरांना मारता येत नाही म्हणून रविवारी ड्रम बडवायचे, असं शिंपी म्हणायचा. शिंपी खरोखरच शिंपी होता. एकोणीस वर्षं हे तिघे दर रविवारी दादाच्या घरी जमत होते.

दादाला मात्र दुसरा धंदा नव्हता. एका मोठ्या हॉटेलच्या लॉबीत तो पियानो वाजवायचा. लोक सामान ओढत असायचे, खोलीच्या किल्ल्या मागत असायचे, आणि हा कोपऱ्यात दुसऱ्यांच्या चाली वाजवत असायचा. स्वतःच्या चालींचा अल्बम करायचा हे तो लग्नाच्या आधीपासून बोलत होता. आता अडुसष्टाव्या वर्षी तो होत होता. तीन दिवस, सहा चाली. आज तिसरा दिवस आणि सहावी चाल.

ती एका दमात झाली. मास्तरांनी तिला आज संथ झुलता ताल दिला होता, शिंप्याने मध्येच अशी काही गिरकी घेतली की ऐकणाऱ्याचं लक्ष तिकडेच जावं, आणि छोटीने खालचे सूर असे फिरवले की वरची चाल ओळखीची वाटू नये. दादा डोळे मिटून वाजवत होता. शेवटचा सूर विरला तसा तो हसला. लहानपणी गणिताचं उत्तर बरोबर आलं की हसायचा, तसा.

चहाच्या वेळी छोटी काचेपलीकडच्या खोलीत गेली. रेकॉर्डिस्ट वहीत नावं लिहीत होता.

“सहाव्या चालीचं नाव ‘दुसरा मजला’,” ती म्हणाली. “कालची दुसरी होती ती ‘उतार’.”

“बाई, मी पंधरा वर्षं हेच काम करतो.” त्याने पेन ठेवलं. “काल दोन, आज दोन. ताल बदललात, पट्टी बदललीत, ते सगळं झकास. पण चाल एकच आहे. चारही. तुम्हाला ठाऊक नसेल असं नाही.”

“लिहा. ‘दुसरा मजला’.”

“अल्बमवर माझं नाव येणार. लोक म्हणतील, याने एकच गाणं चारदा भरलं.”

“लोक म्हणण्यासाठी आधी लोकांनी ऐकायला हवा,” ती म्हणाली. “जॅझचा अल्बम आहे. तुम्ही निर्धास्त राहा.”

त्याला हसू आलं, आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहून ते गेलंही. त्याने लिहिलं, ‘दुसरा मजला’.

“आणि ते बटण,” ती दारातून म्हणाली, “त्यावर कोपर ठेवू नका.”

या सगळ्याची सुरुवात एका शाळेच्या सभागृहात झाली होती. त्यांचे वडील त्या शाळेत शिपाई होते, आणि पियानोची किल्ली त्यांच्या जुडग्यात होती. शाळा सुटली की दादा आत जायचा. तो अठरा वर्षांचा, ती सातची. तिच्या अंगात एकच गुण होता: एकदा कानावर पडलेली चाल ती विसरत नसे. दादा नवीन काही केलं की तिला भिंतीकडे तोंड करून उभी करायचा. भिंतीवर ‘मुलांनी धावू नये’ अशी पाटी होती. ती पाटी वाचत ती ऐकायची, आणि संपलं की निकाल द्यायची. “ऐकलेली,” किंवा “न ऐकलेली.”

ऐकलेली म्हटलं की तो कुठे ऐकलीस, कोणाची, असं काही विचारायचा नाही. कागदाचे चार तुकडे करायचा आणि खिशात घालायचा. कोणाची नक्कल होऊ नये, स्वतःचीसुद्धा, एवढाच त्याचा धर्म होता.

“पाठ कशाला करायची पण?” तिने एकदा विचारलं होतं.

“माझं तोंड बघितलंस तर तुला दया येईल. दया आली की तू खोटं बोलशील.”

“मी नाही खोटं बोलत.”

“तू चांगली आहेस गं छोटे. तोच तर घोळ आहे.”

पुढे लग्नं झाली, घरं वेगळी झाली, पण नवी चाल झाली की तो तिच्याकडे यायचा किंवा तिला बोलवायचा, आणि ती जी समोर असेल त्या भिंतीकडे तोंड करायची. कपाटाकडे, मोरीच्या दाराकडे, एकदा तर फोनवरच, तेव्हा तो म्हणाला होता की यात पाठ आपोआप झाली. पन्नास वर्षांत त्याने किती कागद फाडले याला गणती नाही. जे उरले त्यांत या अल्बममधल्या पहिल्या दोन चाली होत्या.

तीन वर्षांपूर्वी हॉटेलने लॉबीतला पियानो काढून तिथे झाडांच्या कुंड्या ठेवल्या. दादाला निरोप दिला. दोन महिन्यांनी तो नवी चाल घेऊन आला. छोटीचे गुडघे तेव्हा नुकते धरले होते. “पाठबिठ राहू दे रे, बसूनच ऐकते,” ती म्हणाली आणि खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली.

चाल सुरेख होती. कोणीतरी जिना चढावं, वरच्या पायरीशी थबकावं, खाली काहीतरी राहिलं म्हणून परत फिरावं, अशी. “न ऐकलेली,” ती म्हणाली, आणि ते खरं होतं. तीच अल्बममधली तिसरी चाल, ‘परतीचा रस्ता’.

चार महिन्यांनी तो दुसरी घेऊन आला. खुर्ची तिथेच होती, ती बसली. त्याने वाजवली. तोच जिना, तीच पायरी, तेच परत फिरणं. वाजवून झाल्यावर त्याने मान वर केली. हॉटेलने काढून टाकल्यापासून त्याच्या तोंडावर असा उजेड तिने पाहिला नव्हता.

“न ऐकलेली,” ती म्हणाली.

एवढंच झालं. त्या क्षणी तिला वाटलं, असेल एखाद्या वेळी, गडबडला असेल, पुढच्या वेळी सांगू. पुढच्या वेळी ती सांगू शकली नाही, कारण मागच्या वेळी सांगितलं नव्हतं.

त्यानंतरच्या रविवारी मास्तरांनी पहिल्या चार मात्रांतच काठ्या खाली ठेवल्या होत्या. छोटीने त्यांना डोळ्यांनी दटावलं. दादा पाणी प्यायला आत गेला तेव्हा ती दोघांना म्हणाली, “वेगळी वाजवा. मी काय म्हणते ते कळतंय ना? वेगळी वाजवा.”

“एकाच ताग्यातनं दुसरा सूट काढायचा,” शिंपी म्हणाला. “जमेल. काखेत जरा सैल सोडू, कॉलर बदलू. गिऱ्हाईक नवीनच म्हणून घालेल.”

आणि जमलं. फार छान जमलं. तिघांनी मिळून त्या चालीवर पांघरूण घालायची अशी कला कमावली की तशी वाजवण्याची संधी त्यांना आयुष्यात कधी मिळाली नव्हती. मास्तर एकदा घरी जाताना म्हणाले, “आपण इतकं चांगलं कधीच वाजवत नव्हतो हो,” आणि मग तिघेही बस येते का ते वाकून बघत राहिले. दादाने चार नवीन चाली केल्या. चारही एकच.

पण पांघरुणाखाली आणखी एक गोष्ट होती, आणि ती फक्त छोटीला आणि वहिनीला ठाऊक होती.

त्या दुसऱ्या चालीच्या सुमारास वहिनी टपाल कचेरीच्या खिडकीत आली होती, रांगेत उभी राहून. तिची पाळी आली तेव्हा तिने तिकिटं मागितली नाहीत. “वन्सं,” ती हळूच म्हणाली, “हे परवा सकाळी कपडे करून हॉटेलात गेले. त्या कुंड्यांपाशी तासभर उभे होते म्हणे. आणि चपला ओव्हनमध्ये ठेवतात. डॉक्टरांना दाखवू का?”

मागे रांग खोळंबली होती. छोटी म्हणाली, “अहो वहिनी, चपला त्याने लग्नाच्या दिवशीही हरवल्या होत्या. डोकं बिघडलेला माणूस नवी चाल करतो का? मी स्वतः ऐकली. नवी कोरी आहे. आपल्याला जमायची नाही अशी.”

वहिनीचा चेहरा सैल झाला. संगीतातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, हे ती स्वतःच सांगायची. तिच्या लेखी पियानो म्हणजे पुसायचं एक फर्निचर. पण छोटीच्या कानांवर तिचा भरवसा होता. नवऱ्याने पन्नास वर्षं ज्या कानांवर भरवसा टाकला त्यांच्यावर तिने का टाकू नये? ती दोन तिकिटं विकत घेऊन गेली, रांगेत उभं राहिल्याची लाज वाटली म्हणून.

दोन वर्षांनी ती डॉक्टरांकडे गेली तेव्हा ते म्हणाले, उशीर केलात. आधी आणलं असतं तर औषधांनी थांबलं नसतं, पण सावकाश वाढलं असतं. हे वहिनीने छोटीला फोनवर सांगितलं. दोष दिला नाही. “तुम्ही तरी काय करणार, ते चाली करत होते ना,” एवढंच म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर छोटी बराच वेळ रिसीव्हर हातात धरून त्यातला एकसुरी आवाज ऐकत राहिली. त्या आजाराचं नाव त्या घरात कोणी घेत नसे. दादाला गोळ्या ताकदीच्या आहेत असं सांगितलेलं होतं. तोही म्हणायचा, हो, ताकद हवीच, अल्बम करायचाय.

दुपारी वहिनी स्टुडिओत आली. गोळ्यांची डबी आणि स्वेटर घेऊन. “आत गार असतं म्हणाला होतात, म्हणून आणला. झालं का सगळं?”

“झालं,” मास्तर काठ्या पिशवीत घालत म्हणाले.

“नाही झालं,” दादा म्हणाला.

त्याने शर्टाच्या खिशातून चौकोनी घडी केलेला कागद काढला. “एक राहिलंय. आज पहाटे सुचली. शेवटची ठेवायची. आणि ही मी एकटाच वाजवणार. तुम्ही सगळे काचेपलीकडे जाऊन बसा.”

शिंपी म्हणाला, “थोडी बाही तरी जोडू द्या की आम्हाला. एकटं कसं—”

“नको. नुसता पियानो.”

“दादा, सहा आहेत की,” छोटी म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. “सहा पुरेत. थकला असशील.”

“मी थकलो नाही.” तो तिच्याकडे बघत राहिला, मग नजर काढून घेतली. “जा तू. बस तिकडे.”

काचेपलीकडच्या खोलीत पाच जणांना तीन खुर्च्या होत्या. वहिनी बसली नाही. स्वेटर छातीशी धरून काचेला लागून उभी राहिली. रेकॉर्डिस्टने बटण दाबलं, “चालू आहे,” म्हणाला, आणि कोपर जाणूनबुजून मांडीवर ठेवलं.

दादा वाजवू लागला.

कोणीतरी जिना चढत होतं. ताल नव्हता, गिरकी नव्हती, खाली धरून ठेवणारे सूर नव्हते. तीन वर्षं तिघांनी जे जे अंगावर चढवलं होतं ते उतरलेलं, आणि चाल उघडी, हडकुळी, दुपारच्या उजेडात. वरच्या पायरीशी थबकली. परत फिरली. मास्तर बुटांकडे बघत होते. शिंप्याच्या गळ्यात सॅक्सोफोनचा नुसता पट्टा राहिला होता, तो बोटांनी चाचपत होता, मापाची टेप चाचपावी तसा.

चाल परत जिना चढू लागली तेव्हा वहिनी मागे न वळता म्हणाली, “वन्सं, ही ती ना?”

शिंप्याची बोटं पट्ट्यावर थांबली.

“आंघोळीला जाताना गुणगुणतात ती. तीन वर्षं झाली.” तिने काचेतून छोटीच्या प्रतिबिंबाकडे पाहिलं. “मला वाटायचं, मला कळत नाही म्हणून मला सगळ्या सारख्या वाटतात.”

वहिनीने मान किंचित हलवली, जणू एखादं जुनं दुखणं नेमक्या जागी सापडलं, आणि पुन्हा नवऱ्याकडे बघू लागली.

सूर संपले. दादाने हात मांडीवर ठेवले. तो हसला नाही.

“छोटे,” तो म्हणाला. त्याचा आवाज काचेमागच्या स्पीकरमधून सगळ्यांना ऐकू आला. “आत ये.”

ती गेली. मधलं जाड दार तिच्यामागे बंद झालं आणि बाहेरचं सगळं नाहीसं झालं.

“पाठ कर,” तो म्हणाला.

“दादा, गुडघे—”

“गुडघ्यांना उभंच राहायचंय. पाठ कर. तीन वर्षं तू माझ्या तोंडाकडे बघून निकाल देतेस. मला चालत होतं. बरं वाटायचं.”

ती वळली. भिंतीकडे तोंड होईल असं तिला वाटलं होतं, पण समोर काच होती. काचेपलीकडे वहिनी उभी होती, स्वेटर धरून. तिच्या मागे मास्तर आणि शिंपी, पोरांसारखे एकमेकांना चिकटलेले. रेकॉर्डिस्टसमोरचा तांबडा दिवा लागलेलाच होता.

“सकाळी माझ्या कानात कोणीतरी बोललं,” दादा मागून म्हणाला. त्याचा आवाज शांत होता, फार काळजीपूर्वक शांत, भरलेला ग्लास घेऊन चालणाऱ्या माणसासारखा. “म्हणालं, हे तर काल केलं. मी तुमच्याकडे बघितलं, तुम्ही कोणीच काही ऐकल्यासारखं दिसला नाहीत. मग म्हटलं, माझ्या डोक्यातच बोललं असेल. हल्ली डोक्यात काय काय असतं, मला कळत नाही गं. म्हणून ही एकट्याने वाजवली. मला वाटलं, एकट्याने वाजवली की मलाच कळेल.”

तो थांबला.

“मला नाही कळलं. मला नवीच वाटली.”

छोटीच्या लक्षात आलं की आता खोटंसुद्धा उपयोगाचं नव्हतं. न ऐकलेली म्हटलं तर तो आवाज त्याच्या डोक्यातला होता. ऐकलेली म्हटलं तर आवाज खरा होता, आणि मग बाकीचं सगळंही खरं होतं: कुंड्या, ओव्हन, ताकदीच्या गोळ्या. कुठल्याच दाराने त्याला बाहेर काढता येणार नव्हतं. ती दारं तिनेच एकेक करून लावत आणली होती, त्याच्या समोरच्या खुर्चीत बसून.

मागे कागदाचा बारीक आवाज झाला. त्याने चौकोनी घडी पुन्हा उघडली असावी. चार तुकडे करण्यासाठी आधी कागद सपाट करायचा, ही त्याची पद्धत होती. तो थांबला होता. तिच्या शब्दासाठी.

काचेपलीकडे वहिनीने डोळे खाली घेतले नाहीत. छोटी तिच्याकडेच बघत राहिली. ‘मुलांनी धावू नये,’ असं काहीतरी वाचायला हवं होतं तिला. तिथे वाचायला दुसरं काही नव्हतं.

“ऐकलेली,” ती म्हणाली. “‘परतीचा रस्ता’ तेवढी नवी होती, दादा. त्यानंतरच्या सगळ्या ऐकलेल्या. मी खोटं बोलले.”